ठरावाच्या पुढचे काम

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी वसतिगृहाच्या आठवणी लिहून मागितल्या होत्या. आठवणी माझ्यापाशी आहेत. परंतु माझ्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांतील सहाध्यायांनी त्या माझ्याहून सरस लिहिल्या असतील, याबद्दल मला शंका नाही. मी एका लहान गावाच्या नगरपरिषदेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यांतील एकोणीस वर्षे सभा कामकाजाच्या टेबलावर काढली. विषयपत्रिका तयार करणे, सभेत एका कोपऱ्यात बसून टिपणे घेणे आणि नंतर इतिवृत्त लिहिणे, हे माझे काम. तेव्हा मला जे ठाऊक आहे त्याविषयीच लिहावे असे ठरवले. लहान गावाचा स्थानिक कारभार आणि त्याकडे पाहण्याची आपल्या समाजाची, विशेषतः आपल्यातील शिकलेल्यांची, दृष्टी हा या लेखाचा विषय आहे.

तरीही एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. रविवारी सायंकाळी वंदना झाली की आमची मुलांची सभा भरत असे. त्या सभेची एक जाड, कापडी पाठीची वही होती. आमटी पातळ होते, हौदाजवळचा दिवा लागत नाही, अशा तक्रारी तिच्यात लिहिल्या जात आणि त्यांवर ठराव होत. आमच्या गुरुजींचा एकच नियम होता. नव्या तक्रारीला हात घालण्यापूर्वी मागच्या रविवारच्या ठरावांचे काय झाले, ते ज्याच्याकडे काम सोपवले होते त्याने उभे राहून सांगायचे. काम झाले नसेल तर का झाले नाही, तेही सांगायचे. आम्हाला तो नियम जाचक वाटे. हौदाजवळच्या दिव्यासाठी मी सलग तीन रविवार मान खाली घालून उभा राहिलो होतो.

पुढे केव्हातरी बाबासाहेबांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण वाचनात आले. भारताला संसदीय पद्धती अपरिचित नव्हती, हे सांगताना त्यांनी भिक्खू संघाचा दाखला दिला आहे. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघाला माहीत होते, असे ते म्हणतात. ते वाचताना मला आमची कापडी पाठीची वही आठवली. तोवर मी नगरपरिषदेत रुजू झालो होतो, आणि तेथील पहिल्याच सभेत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तेथेही विषय क्रमांक एक मागच्या सभेचाच असतो. त्याचे शब्द असे : ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.’ अर्थात, मागे जे लिहिले ते बरोबर लिहिले आहे, एवढ्यावर शिक्कामोर्तब. त्या लिहिण्यातून काय निष्पन्न झाले, असे कोणी विचारीत नाही. दोन मिनिटांत इतिवृत्त कायम होते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.

या दोन वाक्यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे पाहायचे असेल तर महाडकडे पाहावे.

महाड म्हटले की आपल्यापुढे चवदार तळे आणि २० मार्च १९२७ उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण महाड हे एक लहान गावही आहे. सावित्री नदीच्या काठचे, रायगडाच्या वाटेवरचे, २०११ च्या जनगणनेतही तीस हजारांच्या आतच राहिलेले. ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होते आणि त्याला स्वतःची नगरपालिका होती. सत्याग्रहाची कथा आपण सभांमधून ऐकतो. तिच्यातील नगरपालिकेचा भाग मात्र बहुधा एका वाक्यात उरकला जातो. नगरपरिषदेच्या नोकरीतला माणूस असल्यामुळे असेल, मला तोच भाग पुनःपुन्हा वाचावासा वाटतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले अथवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे कळवले आणि स्थानिक संस्थांनी तो अमलात आणावा अशी अपेक्षा व्यक्त केली. अनेक नगरपालिकांनी तो कागद दप्तरात बांधून ठेवला. महाडच्या नगरपालिकेने तसे केले नाही. जानेवारी १९२४ मध्ये तिने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा ठराव संमत केला. सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक विचारांचे गृहस्थ त्या गावच्या कारभारात होते, त्याचा तो परिणाम. त्या काळी मताधिकार इतका मर्यादित होता की तळ्यावर ज्यांना जायचे होते त्यांचे मत त्या नगरपालिकेच्या निवडणुकीत जवळजवळ नव्हतेच. तरीही ठराव झाला. गावाच्या इतिवृत्तात तो शाईने लिहिला गेला. पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायमही झाले असेल.

आणि तीन वर्षे कोणीही त्या तळ्यातले ओंजळभर पाणी घेऊ शकले नाही.

हा ठराव खोटा नव्हता, फसवाही नव्हता. जे करणे नगरपालिकेच्या अधिकारात होते ते तिने केले होते. पण घाटावर उभे राहून ‘हा नगरपालिकेचा निर्णय आहे, यांना पाणी घेऊ द्या’ असे म्हणणारा एकही माणूस त्या ठरावाला जोडलेला नव्हता. बोल्यांना हे उमगले असावे; म्हणूनच १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या स्थानिक संस्था पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. नुसत्या सदिच्छेने दप्तर हलत नाही, पैशाची गाठ मारावी लागते, हे त्या विधिमंडळातील माणसाने ओळखले होते. तरीही ठरावापासून पाण्यापर्यंतचे अंतर अखेर माणसांनाच चालून जावे लागले. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिची उभारणी दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी गावोगाव फिरून केली होती; अनंतराव चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे अशी मंडळी सोबत होती. परिषदेहून निघालेली ती मिरवणूक एका नगरपालिकेच्या तीन वर्षे पडून राहिलेल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यासाठी निघाली होती, असेही म्हणता येईल. बाबासाहेबांनी स्वतः पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे : देवळात शिरणार असल्याची आवई, जेवणाऱ्या प्रतिनिधींवरचा हल्ला, पंचगव्याचे घडे ओतून केलेली तळ्याची ‘शुद्धी’. पण नगरपालिकेचे काय झाले, हे फार थोड्यांना आठवते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. ज्या सभागृहाने अधिकार दिला त्याच सभागृहाने तो काढून घेतला. कदाचित त्याच टेबलावर, त्याच दौतीतल्या शाईने. तळ्यावर दंगा झाला तेव्हा मारणारे दिसत होते. या सभेत कोणी कोणाला मारले नाही. सूचक होता, अनुमोदक होता, ठराव झाला.

त्यानंतर डिसेंबर १९२७ मधील दिवाणी दावा, मनाई हुकूम, पुढे ढकललेला सत्याग्रह, मनुस्मृतीचे दहन आणि तीन न्यायालयांतून चाललेला खटला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि अखेर मुंबई उच्च न्यायालय. तळे खासगी आहे आणि ते केवळ स्पृश्यांसाठीच राखून ठेवण्याची अनादी काळापासून वहिवाट आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. नगरपालिकेच्या पहिल्या ठरावापासून मोजले तर तेरा वर्षे. २०२७ मध्ये सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात; समारंभ होतील, व्हावेतही. त्या समारंभांत जानेवारी १९२४ आणि ऑगस्ट १९२७ या दोन सभांचाही उल्लेख व्हावा, एवढी माझी इच्छा आहे.

आता माझ्या टेबलाकडे येतो. येथे मला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची आहे.

मी ज्या गावी नोकरीला होतो त्या गावाच्या ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. कोणाची, ते या स्मरणिकेच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ओढ्याच्या अलीकडे नळ होते, पलीकडे नव्हते. मी सभा कामकाजाचे टेबल घेतले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, त्या वस्तीपर्यंत चार इंची जलवाहिनी टाकून सहा सार्वजनिक नळकोंडाळी बसवण्याचा विषय सभेपुढे आला. कोणी विरोध केला नाही. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मीच लिहिले आणि त्या रात्री मला झोप लागेना, इतका आनंद झाला होता.

ज्यांनी ही कचेरी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठराव झाला म्हणजे काम मंजूर झाले, असे नव्हे. त्यानंतर अंदाजपत्रक, त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, निविदा, निविदेला पुन्हा सभेची मंजुरी, कार्यारंभ आदेश, मग मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयक. यांतील प्रत्येक पायरीवर कागदाला बसायला एक ओसरी असते. आमचा कागद पहिल्या वर्षी तांत्रिक मान्यतेला जाऊन बसला. परत आला तेव्हा ३१ मार्च उलटून गेला होता, दरसूची बदलली होती, अंदाजपत्रक नव्याने करणे आले. नव्या अंदाजपत्रकाला नवा ठराव लागला; तोही सर्वानुमते. मग कोणाच्या तरी ध्यानात आले की वाहिनीचा काही भाग खासगी जमिनीतून जातो. संमतिपत्र मागवले, ते आले नाही. त्याच वर्षी गावातील मुख्य रस्त्याच्या दुभाजकावर शोभेची झाडे लावण्याचा ठराव झाला आणि चार महिन्यांत झाडे लागली. मधल्या काळात निवडणूक झाली, नवे सभागृह आले आणि त्याने जलवाहिनीचा तोच ठराव तिसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदाही माझ्याच हस्ताक्षरात. वस्तीतल्या बायका ओढा ओलांडून पाणी आणत होत्या. पावसाळ्यात त्या गुडघाभर पाण्यातून पाणी आणीत. पाण्यातून पाणी आणणे ही काय गोष्ट आहे, ते बघितल्याशिवाय कळत नाही.

या सात-आठ वर्षांत कोणीही त्या कामाला ‘नाही’ म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते. मोर्चा काढता आला असता, निवेदन देता आले असते. सर्वांची संमती होती म्हणून भांडायचे कोणाशी, हेच कळत नव्हते. आणि कागद कोठे अडकला आहे, ते मला प्रत्येक वेळी ठाऊक होते. मी त्या वस्तीत कधी गेलो नाही. ‘तुमचा कागद अमुक ठिकाणी पडून आहे, संमतिपत्राऐवजी सरकारी पाणंदीतून वाहिनी नेता येते, तसा अर्ज द्या’ असे मी कोणाला सांगितले नाही. नोकरीची शिस्त होती, गोपनीयतेची भीती होती, घरी दोन मुले शिकत होती. ही कारणे खरी आहेत. ज्या वसतिगृहाने मला तीन रविवार उभे केले होते त्याचा मी विद्यार्थी होतो, हेही खरे आहे.

काम शेवटी झाले ते एका झेरॉक्सच्या दुकानदारामुळे. तो त्याच वस्तीतला, दहावीत दोनदा नापास झालेला. नगरपरिषदेचे कागद प्रती काढायला त्याच्याकडे येत. त्यांतच एकदा तो तिसरा ठराव त्याच्या यंत्राखालून गेला. त्याने रीतसर अर्ज करून, शुल्क भरून, तिन्ही ठरावांच्या प्रती मागितल्या. त्या मीच तयार केल्या. त्यानंतर तो प्रत्येक सर्वसाधारण सभेला येऊन मागच्या बाकावर बसू लागला. नगरपरिषदेची सभा एरवी जनतेला खुली असते, ही गोष्ट गावातील फार थोड्या लोकांना माहीत होती. नगरसेवकांपैकीही काहींना नव्हती. त्याला सभेत बोलण्याचा अधिकार नव्हता आणि तो बोललाही नाही. मांडीवर तीन कागद ठेवून बसे. चौथ्या सभेत एका नगरसेवकाने अस्वस्थ होऊन विचारले, “त्या ओढ्यापलीकडच्या पाइपलाइनचे काय झाले हो?” एकोणीस वर्षांत त्या सभागृहात हा प्रश्न त्या शब्दांत विचारला गेल्याचे मला अन्यत्र आठवत नाही. पुढच्या दिवाळीच्या आत नळाला पाणी आले.

ही हकीकत मी मनोरंजनासाठी सांगितलेली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत जे घडले आहे त्यामुळे ती मला अधिक तातडीची वाटते. २०१४–१५ च्या सुमारास राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. महाडच्याच शेजारची पोलादपूर, माणगाव, म्हसळा, तळा ही नावे घ्या. संविधानातील ७४ व्या घटनादुरुस्तीने ‘ग्रामीणातून नागरीकडे संक्रमण होत असलेले क्षेत्र’ अशी जी कल्पना मांडली तिचा हा आविष्कार. गावांनी फटाके वाजवले. सरपंचाचा नगराध्यक्ष झाला, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आला, सतरा नगरसेवक झाले, निधीचे आकडे मोठे झाले. पाणीपुरवठा, घनकचरा, अग्निशमन यांचा कारभार ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेला होता, हेही नाकारता येत नाही.

पण फटाके वाजले त्या दिवशी एक गोष्ट गेली, आणि तिच्यासाठी कोणी दुखवटा पाळला नाही. ग्रामसभा गेली. ग्रामपंचायतीच्या कायद्याप्रमाणे मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार वेळा ती सभा भरवावी लागते, तीत हिशेब मांडावा लागतो आणि कोणालाही उभे राहून प्रश्न विचारता येतो. नगरपंचायतीत असा प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त सतरा जणांचा. प्रभाग समित्या संविधानाने सक्तीच्या केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. क्षेत्रसभा नावाची एक तरतूद आपल्या नागरी कायद्यांत आली खरी; ती भरलेली मी तरी कोठे पाहिलेली नाही. म्हणजे खेड्याला ग्रामसभा आहे, महानगराला निदान कागदावर प्रभाग समिती आहे आणि मधल्या लहान गावाला दोन्हीही नाही. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करावी, हा नियम वस्तीतल्या निरक्षर माणसालाही तोंडपाठ होता. नगरपंचायतीत निधीची शीर्षे बदलली, योजनांची नावे बदलली आणि कोणत्या शीर्षाखाली आपल्या वस्तीसाठी काय मागायचे हे वस्तीला सांगणारे कोणी उरले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्यातूनच येईल. ग्रामसभेचे एवढे कौतुक कशाला? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांविषयी काय म्हटले ते विसरलात काय? विसरलो नाही. ज्या चावडीसमोर आपल्या आज्याने जोडे हातात घेऊन उभे राहायचे त्याच चावडीवर ग्रामसभा भरत असे आणि तेथे वस्तीतल्या बाईने प्रश्न विचारला तर संध्याकाळी तिच्या नवऱ्याला मजुरीवरून काढत, हे मी लहानपणी पाहिले आहे. ग्रामसभेला मी पवित्र मानत नाही. परंतु १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी घेतलेली भूमिकाही आपण वाचली पाहिजे. पंचायती स्वीकारायच्या असतील तर प्रौढ मताधिकार द्या आणि अस्पृश्यांसाठी राखीव प्रतिनिधित्व ठेवा, अशी त्यांची मागणी होती. दाराबाहेरून निषेध करणे आणि दाराच्या आत जागा मागणे या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी करीत होते. आपण पहिली उचलली. दुसरीतील आरक्षण घेतले. त्या जागेवर बसून करायचे काम मात्र सोडून दिले.

हे कठोर वाटेल, पण मी सभागृहात बसून पाहिले आहे. अनुसूचित जातीसाठी राखीव प्रभागातून निवडून आलेली आमची माणसे वाईट नव्हती. त्यांतील कित्येक जण प्रामाणिक होते. त्यांना विषयपत्रिका सभेच्या काही दिवस आधी मिळे. शंभर-दीडशे पानांची टिप्पणी, कायद्याची कलमे, आकडे. ती समजावून देणारा त्यांच्या घरी कोणी नसे. महिला नगरसेविका असेल तर टिप्पणी परस्पर नवऱ्याच्या हाती जाई. मग ते ज्याच्या गाडीतून सभेला येत, तो सांगेल तेथे हात वर करीत. त्याच प्रभागातून शिकून गेलेले प्राध्यापक, अभियंते, बँक अधिकारी पुण्याला आणि ठाण्याला होते. १४ एप्रिलला ते गावी येत, संविधानावर उत्तम व्याख्यान देत आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जात. संविधानाचे कलम १७ ज्याला मुखोद्गत आहे त्याला आपल्या गावच्या नगरपंचायतीचे अंदाजपत्रक कोणत्या महिन्यात मंजूर होते, ते ठाऊक नसते. मी हे इतरांना उद्देशून लिहीत नाही. माझी दोन्ही मुले याच वर्णनात बसतात.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. २०२२ पासून राज्यातील कितीतरी नगरपरिषदांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्या काळात प्रशासक हेच सभागृह होते. सूचकही तेच, अनुमोदकही तेच. ठरावाच्या वहीत एकाच माणसाची सही. काही ठिकाणी कामे वेगाने झाली, असे लोक म्हणतात, असेलही. पण मागचा बाक तेवढा काळ रिकामा राहिला आणि तो रिकामा आहे, याचे कोणाला वाईट वाटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. निवडणूक झाली नाही म्हणून जेवढे लेख आले त्यांतील बहुतेक तिकिटांविषयी होते.

तेव्हा या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी संघापुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, वह्या वाटतो, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन ठेवतो. ते चालू राहावे. त्यासोबत प्रत्येक तालुक्यात आपल्यातील दोघांनी, मग ते निवृत्त असोत की नोकरीच्या शोधात, नगरपंचायतीच्या विषयपत्रिका आणि इतिवृत्ते यांच्या प्रती नियमित मिळवाव्यात. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहेच. आपल्या वस्तीशी संबंधित ठरावांची एक वही ठेवावी. कापडी पाठीची असली तर उत्तमच. तिच्यात ठरावाचा क्रमांक, तारीख आणि त्यापुढे एकच रकाना : कागद आज कोठे आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्या बहिणीच्या घरी सभेच्या आदल्या संध्याकाळी जाऊन टिप्पणी समजावून द्यावी, तीही तिच्याच हाती. आपला उमेदवार पडला आणि दुसऱ्याचा निवडून आला तरी जावे. यात राजकारण नाही असे मी म्हणणार नाही. राजकारण आहे, आणि ते करण्यास आपण लाजू नये. सरकारी नोकरीत असलेल्यांना मर्यादा असतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण निवृत्तीनंतर त्या राहत नाहीत.

मी निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. झेरॉक्सवाला आता दुकान मुलाकडे सोपवून बसला आहे. आम्ही दोघे अधूनमधून सभेला जातो. गेल्या वर्षी सभागृहाचे नूतनीकरण झाले. वातानुकूलन आले, नगरसेवकांसाठी फिरत्या खुर्च्या आल्या आणि मागचे दोन लाकडी बाक काढून तेथे पाण्याचे यंत्र ठेवण्यात आले. बाक पूर्ववत ठेवावेत, असा अर्ज आम्ही दोघांच्या सहीने दिला आहे. त्याला आवक क्रमांक मिळाला आहे. उत्तर अजून आलेले नाही. तोवर आम्ही दाराजवळ उभे राहतो.